घरच्या स्टिरिओवर रेडिओ स्टेशन लावणं आणि साठवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीला आणि मे महिन्यात आमच्या देवगडकडच्या वाड्यांत मुंबईहून माणसं येतात, तशी यंत्रंही येतात. फ्लॅटमध्ये नवा साउंडबार आला की जुना डेक, अँप्लिफायर आणि ट्यूनर (स्टिरिओतला रेडिओ पकडणारा डबा) 'गावच्या घरी राहू दे' म्हणून गाडीत चढतो. पडवीत मांडून झाला, वायरी जोडल्या, बटण दाबलं, की नुसती खरखर. मग मला फोन येतो. उत्तरं दर वर्षी तीच असतात, म्हणून एकदा लिहूनच काढली. कंपनीनुसार बटणांची नावं थोडी बदलतील, आतला हिशेब फारसा बदलत नाही.

मुंबईत सगळी स्टेशनं साठवली होती. गावी एकही लागत नाही. प्रवासात ट्यूनर बिघडला का?

नाही. ट्यूनरला स्टेशन कळतच नाही, त्याला फक्त आकडा कळतो. मुंबईत तीन नंबरच्या बटणावर तुम्ही विविध भारती ठेवली असं तुम्हाला वाटतं. ट्यूनरने ठेवलं ते १०२.८ मेगाहर्ट्झ. गावी तीन नंबर दाबलात की तो इमानेइतबारे १०२.८ वर जाऊन उभा राहतो. तिथं कोणी बोलत नसेल तर तो तरी काय ऐकवणार?

एफएमच्या लहरी साधारण तीन मीटर लांबीच्या असतात आणि बऱ्याचशा नजरेच्या रेषेत जातात. प्रक्षेपणाचा मनोरा १०० मीटर उंच आणि तुमचा अँटेना जमिनीपासून १० मीटरवर असेल, तर सपाट मुलखात हिशेबाने ५४-५५ किलोमीटरची मजल निघते. त्यापुढेही थोडं ऐकू येतं, पण दुबळं. मुंबई ते देवगड सरळ रेषेत जवळपास ३०० किलोमीटर आहे, त्यामुळे मुंबईचे ९८.३ आणि ९१.१ इथं विसरायचे. मांडवा, रेवस, अलिबागच्या मंडळींना मात्र हे लागू नाही. मधे नुसतं पाणी असल्यामुळे त्यांना मुंबई छान ऐकू येते. श्रीवर्धनपर्यंत खाली सरकलात की ती मजा संपते.

तेव्हा गावी आल्यावर जुनी यादी डोक्यातून काढा आणि पहिल्यापासून सुरुवात करा.

मग आमच्या गावी काय लागेल?

हे तालुक्यावर नाही, तुमच्या वाडीवर अवलंबून आहे. सड्यावरचं घर आणि खाडीच्या काठाला डोंगराच्या कुशीत बसलेलं घर यांत पायवाटेने दहा मिनिटांचं अंतर असतं. पण सड्यावर चार स्टेशनं लागतात आणि खाली एकही धड लागत नाही. आकाशवाणीचं जवळचं एफएम केंद्र बहुतेकांना मिळतं. वेंगुर्ला, सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग या बाजूला गोव्याची स्टेशनंही येतात, त्यात आकाशवाणीचं पणजीचं एफएम रेनबो १०५.४ वर. देवगडहून पणजी सरळ रेषेत १०० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे नुसत्या वायरवर आशा धरू नका, उंचावर चांगला अँटेना असेल तर प्रयत्न करा.

मिडियम वेव्हची (ट्यूनरच्या बटणावर ती 'एएम' असते) गोष्ट निराळी. तिच्या लहरी शेकडो मीटर लांब असतात. रत्नागिरी केंद्राची ओळख असलेला ११४३ किलोहर्ट्झ घ्या, तिथं एक लहर २६२ मीटरची होते. अशा लहरी डोंगराला वळसा घालतात, जमिनीला धरून चालतात, आणि खाऱ्या पाण्यावरून तर त्यांची चाल आणखीनच सुधारते, कारण समुद्राचं पाणी जमिनीपेक्षा कितीतरी चांगला विद्युतवाहक आहे. म्हणून किनाऱ्यावरच्या गावांना पणजीचं १२८७ दिवसाढवळ्या घाटाखालच्या आतल्या गावांपेक्षा बरं ऐकू येतं. एक लक्षात असू द्या. आकाशवाणी आपली बरीच मिडियम वेव्ह प्रक्षेपणं बंद करून एफएमवर नेते आहे. एखादा जुना आकडा मुका वाटला तर दोष ट्यूनरला देण्याआधी शेजाऱ्याच्या रेडिओवर तोच लावून बघा.

स्टेशन साठवायचं कसं? मॅन्युअल हरवलंय.

मॅन्युअल सगळ्यांचंच हरवलेलं असतं.

आधी अँप्लिफायर 'ट्यूनर'वर आणा. अर्धे फोन इथंच संपतात, कारण तो 'टेप'वर राहिलेला असतो. मग 'बँड' किंवा 'एफएम-एएम' बटणाने बँड निवडा. 'ट्यूनिंग' बटणाने हव्या आकड्यावर या आणि आवाज स्वच्छ येतोय ना ते ऐका. आता 'मेमरी' दाबा. पडद्यावर 'मेमरी' शब्द किंवा नंबराची जागा लुकलुकू लागते. ही लुकलुक पाच-दहा सेकंदच टिकते, आणि तेवढ्यात प्रीसेटचा, म्हणजे ज्यावर स्टेशन साठवायचं त्या बटणाचा, नंबर दाबायचा असतो. काही ट्यूनर नंबर दाबताच साठवतात, काहींना पुन्हा एकदा 'मेमरी' दाबून कबुली द्यावी लागते. लुकलुक थांबली आणि तुम्ही अजून चष्मा शोधताय, तर काही साठलेलं नाही. पुन्हा पहिल्यापासून.

काही ट्यूनरमध्ये नंबरांचे गट असतात: ए, बी, सी, डी, ई, आणि प्रत्येकात आठ नंबर, म्हणजे एकूण चाळीस जागा. त्यात 'साठवलेलं स्टेशन गायब झालं' ही तक्रार नेहमीची. स्टेशन ए-३ मध्ये असतं आणि माणूस बी-३ दाबत बसतो. गावी चार-पाच स्टेशनं लागणार, तर सगळी ए गटातच ठेवा आणि बाकीच्या गटांकडे ढुंकूनही पाहू नका.

आणि हो, भरलेल्या नंबरावर नवीन साठवलं की जुनं विचारल्याशिवाय पुसलं जातं.

'ऑटो प्रीसेट' दाबलं की सगळं आपोआप होतं ना?

होतं, आणि म्हणूनच मला ते आवडत नाही. ट्यूनर ८७.५ पासून १०८ पर्यंत जातो आणि त्याला जोरदार वाटेल ते ओळीने भरत सुटतो. क्रम आकड्याचा असतो, तुमच्या आवडीचा नाही. दुबळी पण ऐकण्याजोगी स्टेशनं तो सोडून देतो, आणि कोकणात दूरची स्टेशनं दुबळीच असतात. शिवाय आधी हाताने साठवलेलं सगळं त्याखाली गाडलं जातं. एक ट्यूनर मी असा पाहिला की त्याच्या १ ते ४ या चारही नंबरांवर एकच केंद्र होतं, शेजारशेजारच्या आकड्यांवर पसरलेलं. घर मनोऱ्याच्या अगदी जवळ होतं. अशा ठिकाणी मागे 'लोकल-डीएक्स' खटका असेल तर तो 'लोकल'वर करायचा, म्हणजे ट्यूनरचे कान जरा कमी तिखट होतात.

बटण दाबून धरलं की आकडे पळतात, पण हवं ते स्टेशन सोडून पुढे जातात.

शोध ठरावीक जोराच्या वरच्या लहरीलाच थांबतो. 'ट्यूनिंग मोड' बटणाने 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर या आणि एकेक टप्पा दाबत जा. मॅन्युअलमध्ये आल्यावर बऱ्याच ट्यूनरवर मधली खरखर एकदम मोठ्याने ऐकू येते. घाबरू नका. एरवी तो ती दाबून टाकत होता, एवढंच.

'स्टिरिओ' दिवा लागतो, पण मागे पावसासारखा सतत आवाज येतो.

दिवा विझवा. स्टिरिओसाठी केंद्र १९ किलोहर्ट्झचा एक बारीक खुणेचा स्वर पाठवतं, आणि डाव्या-उजव्यातला फरक ३८ किलोहर्ट्झच्या आसपास वेगळा बांधून पाठवतं. लहर दुबळी असली की खरखर नेमकी त्या वरच्या भागात भरते आणि फरक सोडवताना तीही सोबत येते. 'मोनो' केलं की तो भागच बाजूला पडतो आणि आवाज शांत होतो. बातम्या आणि कीर्तन दोन कानांत वेगळं ऐकून करायचंय काय? बहुतेक ट्यूनर प्रीसेटबरोबर मोनो-स्टिरिओची निवडही साठवतात. म्हणून आधी मोनो करा, मग 'मेमरी' दाबा.

अँटेना कुठला लावू? सोबत आलेली वायर टेपने भिंतीला चिकटवली आहे.

अँटेनाचं उत्तर सगळ्यात लांब आहे, कारण बटणांपेक्षा फरक इथं पडतो.

सोबत येणारी ती चपटी, इंग्रजी टी-च्या आकाराची वायर वाईट नाही. तिची आडवी बाजू साधारण दीड मीटर असते, म्हणजे एफएमच्या लहरीच्या निम्मी. चूक होते ती लावण्यात. ही वायर तिच्या रुंद बाजूने ऐकते, टोकांकडून जवळपास बहिरी असते. किनारा उत्तर-दक्षिण पसरलेला, त्यामुळे आपली बहुतेक केंद्रं वर नाहीतर खाली. म्हणजे वायर पूर्व-पश्चिम ताणायची, एक टोक समुद्राकडे आणि दुसरं घाटाकडे. लोक ती नेमकी उलटी, उत्तर-दक्षिण भिंतीवर चिकटवतात, कारण तिथं खिळा आधीच असतो.

मंगलोरी कौलांचं घर असेल तर माळ्यावर, वाशांच्या खाली ताणा. कौलातून लहरी आत येतात, पाऊस येत नाही आणि खारा वाराही कमी लागतो. पत्रा घातला असेल तर हा बेत सोडा. पत्र्याखालचा अँटेना म्हणजे टोपाखाली ठेवलेला कान. मग तो बाहेर, बांबूवर, पत्र्याच्या वर घ्यायला हवा.

बाहेर लावलात की मीठ आलंच. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत तांब्याची उघडी टोकं एका पावसाळ्यात हिरवी पडतात, आणि सगळं ठीक दिसत असूनही आवाज दर वर्षी थोडा थोडा खालावत जातो. जोड सोल्डर करा, वर रबरी चिकटपट्टी गुंडाळा, आणि दिवाळीच्या सुमाराला एकदा उघडून पाहा. ट्यूनरच्या मागे दोन स्क्रूंची ३०० ओहमची जागा असेल तर चपटी वायर थेट बसते. गोल ७५ ओहमचं सॉकेट असेल आणि टीव्हीची गोल केबल खाली आणायची असेल, तर वर अँटेनाजवळ एक छोटा बालून, म्हणजे ३०० ओहमची वायर ७५ ओहमच्या केबलशी जुळवणारा जोड, लागतो. टीव्हीच्या सामानाच्या दुकानात मिळायचा, हल्ली शोधावा लागतो.

जुना दूरदर्शनचा अँटेना छपरावर अजून उभा असेल तर तो एकदा जोडून बघायला हरकत नाही. एफएमचा पट्टा जुन्या टीव्हीच्या चॅनल ४ आणि ५ यांच्या मधल्या मोकळ्या जागेत येतो, त्यामुळे तो त्यासाठी कापलेला नसतो. पण उंचीचा फायदा मिळून जातो.

माडाला अँटेना बांधू नका. माड हलतो, वायर तुटते, आणि आपल्याकडे वीज कुठल्या झाडावर पडते ते वेगळं सांगायला नको.

'एएम लावलंय, पण नुसतो भुणभुणता. काय करू?'

आधी घरातले एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर आणि सेट-टॉप बॉक्स एकेक करून बंद करा. बहुतेक वेळा चोर त्यातच सापडतो. लाईट गेलेली असून ट्यूनर इन्व्हर्टरवर चालत असेल, तर भुणभुण इन्व्हर्टरची असते. स्वस्त इन्व्हर्टरचा प्रवाह चौकोनी लाटेचा असतो आणि तो मिडियम वेव्हचा पट्टा मळवून टाकतो.

एएमचा अँटेना म्हणून सेटसोबत येते ती वायर गुंडाळलेली प्लास्टिकची चौकट लावलीय ना? ती नसेल तर काहीच लागणार नाही. असेल तर ट्यूनरपासून हातभर लांब ठेवा आणि फिरवून बघा. तिची कड केंद्राकडे हवी, तोंड नव्हे. याचा उलटा उपयोगही होतो: त्रास देणाऱ्या आवाजाकडे चौकटीचं तोंड केलं की तो मंदावतो.

रात्री एकाच आकड्यावर दोन-तीन केंद्रं मिसळली तर तो बिघाड नाही. दिवसा वातावरणाचा वरचा एक थर या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो, मग त्याच्या वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटरवरची केंद्रं खाली येतात. एएमची स्टेशनं म्हणून दुपारी साठवा, रात्री नव्हे.

लाईट गेली की सगळी स्टेशनं पुसतात.

कोकणातला हा खरा प्रश्न, आणि कंपनीने याचा विचार केलेला असतो तो ओसाका नाहीतर आइंडहोवेनमध्ये बसून.

साठवलेले आकडे टिकवायला आत तीनपैकी एक सोय असते. नंतरच्या ट्यूनरमध्ये अशी चिप असते की वीज नसली तरी ती विसरत नाही. काहींत बटणासारखा लिथियम सेल असतो. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या पुष्कळ ट्यूनरमध्ये मात्र एक मोठा कपॅसिटर असतो, बहुधा ५.५ व्होल्टचा. चांगला असेल तर तो काही दिवस ते काही आठवडे आकडे सांभाळतो. तीस वर्षांनी तो तासभरही धरत नाही. एकदा लाईट गेली की पाटी कोरी. मेकॅनिकला सांगा, 'मेमरी बॅकअपचा कपॅसिटर बदल.' भाग स्वस्त आहे, काम अर्ध्या तासाचं. व्होल्ट तेवढेच किंवा जास्त घ्यायचे, आणि उलटसुलट लावायचा नाही.

पण तुमचं घर दहा महिने बंद असेल तर नवा कपॅसिटरही वाचवणार नाही. मे महिना संपला, मेन स्विच पाडला, कुलूप लावलं आणि मुंबईला गेलात, की मेमरी काही आठवड्यांत रिकामी होणारच. मेन चालू ठेवून जा असं मी सांगणार नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही. त्यापेक्षा नंबर आणि आकडे एका कागदावर लिहा आणि ट्यूनरच्या झाकणाखाली चिकटवा. परत आल्यावर पाच मिनिटांचं काम. आमच्या घरचा कागद कॅलेंडरच्या पाठीवर आहे आणि तो ट्यूनरपेक्षा जास्त टिकलाय.

भाचीने अमेरिकेहून आणलेला सेट आहे. काही स्टेशनं लागतात, काही लागतच नाहीत.

तिकडचे ट्यूनर एफएमवर ०.२ मेगाहर्ट्झच्या टप्प्याने चालतात आणि दशांशानंतर विषम आकडाच घेतात. म्हणजे ९८.३ मिळेल, १०७.१ मिळेल, पण १०५.४ नाही. तो १०५.३ वरून सरळ १०५.५ वर उडी मारतो. मिडियम वेव्हवरही तसंच. आपल्याकडे केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतरावर, तिकडे १० च्या. ११४३ ला तो ११४० वर थांबतो, तीन किलोहर्ट्झ आधी, आणि निवेदक नाकात बोलतो. मागच्या बाजूला ९-१० असा खटका आहे का बघा. काही सेटमध्ये दोन बटणं एकत्र दाबून तो बदल होतो. बदल केला की साठवलेलं सगळं जातं, म्हणून हे काम आधी.

११० व्होल्टचा सेट थेट आपल्या सॉकेटला लावाल तर यातलं काहीच वाचायची गरज उरणार नाही. ट्रान्सफॉर्मर हवाच. तो लावूनही सेटचं घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडू शकतं, कारण ते विजेच्या ६० सायकलवर मोजत असतं आणि आपण ५० देतो. रेडिओला त्याने काही होत नाही.

दुबई-मस्कतहून आणलेल्या सेटचं काय?

तिथले आकडे आणि व्होल्टेज आपल्याशी जुळतात. बहुधा फक्त प्लगची पिन बदलायची.

मे महिन्यात रात्री एफएमवर अरबी गाणी लागली! खरंच?

खरंच. उन्हाळ्यात अरबी समुद्रावर थंड-दमट हवेच्या थरावर गरम कोरडी हवा पसरते. त्या दोहोंच्या मधोमध लहरी नळातून जाव्यात तशा अडकून पुढे जातात, क्षितिजाच्या पलीकडेही. मस्कत आपल्यापासून दीड हजार किलोमीटरपेक्षा लांब आहे, तरी असं स्टेशन शेजारच्या गावासारखं स्वच्छ येऊ शकतं, आणि तासाभरात नाहीसं होतं. मजा घ्या. फक्त त्या रात्री 'ऑटो प्रीसेट' दाबू नका. एका घरी कोणीतरी दाबलं होतं, आणि जूनमध्ये त्यांच्या आठ नंबरांपैकी पाचांवर नुसता पाऊस.

चार नंबर दाबला की सहा लागतो.

दमट हवेने बटणाखालचे खटके आतून खराब झालेत. ट्यूनर कुठलं बटण दाबलं ते त्यांच्या रोधावरून ओळखतो, आणि तोच बदलला की तो फसतो. खटके बदलून मिळतात. रिमोट असेल तर तोवर त्यावर भागवा. पावसाळ्यात घरात माणूस असेल तर सेट दिवसाआड तासभर चालू ठेवा, आतली ऊब ओल हटवते. पाली आणि मुंग्यांवर मात्र माझ्याकडे उपाय नाही.

पडद्यावर 'डीएबी' दिसतं, पण तिथं काहीच नाही.

ती युरोपातली डिजिटल रेडिओची सोय. आपल्याकडे तशी सेवा नाही.

काट्याचा जुना ट्यूनर आहे, मेमरीच नाही.

मग तो कधी विसरणारही नाही. काचेवर बारीक चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करा. गरम झाल्यावर काटा किंचित सरकतो, म्हणून पंधरा मिनिटं चालवून मग खूण करायची.

वादळाच्या इशाऱ्यासाठी यावर अवलंबून राहू का?

नाही. वादळात लाईट आधी जाते, आणि विजा चमकू लागल्या की बाहेरचा अँटेना आणि प्लग दोन्ही काढून ठेवायचे असतात. घरात होडी असेल तर सेलवरचा छोटा ट्रान्झिस्टर हवाच. इशारे त्यावर ऐका.

आजीला नंबर लक्षात राहत नाहीत.

चाळीस जागा असल्या म्हणून चाळीस भरू नका. आमच्या आत्येला दोनच स्टेशनं लागतात. आकाशवाणी १ वर ठेवली, आणि २ वर तीच पुन्हा, कारण तिचं बोट तिथं जातं. गोव्याचं तिसऱ्यावर. १ आणि २ च्या बटणांना मिळून लाल नेलपॉलिशचा एकच ठिपका लावलाय. बाकी बटणं ती पुसते, दाबत नाही.